पासवर्ड, नग एक

बाबूपेठ, चंद्रपूर
१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

हर्षाताईंस,
सप्रेम जयभीम.

बाबांच्या कॉम्प्युटरला कालपासून पासवर्ड लागत नाही. तुमच्या भावानं, नागसेननं, ड्यूटीवरून आल्या आल्या तो दोनदा बंद-चालू करून पाहिला, झाडांच्या साइटवर दोनदा आत-बाहेर केलं आणि सांगितलं, "हो, पक्कं झालं." त्याची खात्री झाल्याशिवाय तुम्हाला कळवायचं नव्हतं, म्हणून एक दिवस उशीर.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुमच्या वसतिगृहाच्या गावाला रेंज नाही. तुम्ही बुधवारी मुलींसाठी भाजी घ्यायला भामरागडच्या बाजारात येता तेव्हाच फोन लागतो, आणि तो तास बाबांचा. चार वर्षं झाली, बुधवारी अकरा वाजले की बाबांचा फोन, "हर्षा, पासवर्ड सांग." त्या तासात मी कधी मधे आले नाही.

झालं असं की गेल्या शुक्रवारी कोणीतरी बाबांच्या नावानं झाडांच्या साइटवर शिरलं. लोक तिथं पानाफुलांचे फोटो टाकतात आणि बाबा झाड ओळखून देतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आई गेल्यापासून त्यांचा दिवस त्यातच जातो. त्या माणसानं एका फोटोखाली बाबांच्या नावानं लिहिलं की हे फळ पिकलं की खाता येतं. फोटो कुचल्याचा होता. साइटवाल्यांनी ते तासाभरात काढलं आणि बाबांनी माफी लिहिली, पण दोन दिवस नीट जेवले नाहीत. कुचल्याच्या बीनं माणूस मरतो. "तीस वर्षं वनखात्यात होतो, असं कोनाले सांगतलं नाई," एवढंच म्हणत बसले. पासवर्ड कुठून फुटला ते कळलं नाही.

नागसेनच्या खाणीतल्या राजदीपनं सुचवलं की पासवर्ड बदलत बसू नका, पासकी करा. त्यानं फोनवर सांगितलं तसं मी केलं. कॉम्प्युटरला आधी एक पिन द्यायचा. तो बाबांनी आम्हाला खोलीबाहेर काढून टाकला, कोणाला सांगितला नाही. मग नखाएवढं बोट वाचायचं यंत्र मागे खोचलं. मग साइटवर शेवटचं एकदा पासवर्डनं आत जायचं (काल अकराला तुम्ही सांगितलात तोच) आणि ‘पासकी तयार करा’ दाबायचं. कॉम्प्युटर विचारतो, तुम्हीच आहात ना? तिथं बोट ठेवायचं किंवा पिन टाकायचा. संपलं. किल्लीचा एक भाग कॉम्प्युटरच्या पोटात राहतो, दुसरा साइटकडे. साइटकडचा चोरला तरी चोराला काही उघडता येत नाही. आता सांगायचं नाही, ऐकायचं नाही, वहीत लिहायचं नाही. बँकेत अजून ही सोय नाही, तिथं जुनंच चालू आहे.

एक अडचण आली. बाबांचं बोट यंत्र घेईना. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा येत नाही, तसंच. यंत्र बिघडलं का पाहायला मी माझं बोट ठेवलं, तर पहिल्या झटक्यात घेतलं. नागसेन म्हणाला, काढून टाक. बाबा म्हणाले, राहू दे. लाकडावर सरकारी शिक्का मारायचा हातोडा असतो ना, त्याचं उदाहरण दिलं. "हातोडा वनपालाच्या नावावर. पन मले ताप असला तर माह्यासमोर गार्डच मारे. पेटीची चाबी माह्या कमरेले असली म्हनजे झालं." म्हणजे पिन ही पेटीची चाबी, आणि मी गार्ड.

ई-मेलचं तेवढं राहिलं. तिथं पासकी करायला ओटीपी लागतो आणि तो तुमच्या नंबरवर येतो. पुढच्या बुधवारी अकराला फोन करू.

सोबत बाबांनी एक कागद दिला आहे. मी नको म्हणत होते. तुम्ही हसाल म्हणून पाठवते.

तुमची,
संघप्रिया

(सोबतचा कागद)

कार्यभार हस्तांतरण अहवाल

आज दिनांक १२/११/२०२५ रोजी मध्यान्होत्तर खालील साहित्याचा कार्यभार देण्यात व घेण्यात आला.
पासवर्ड, नग एक. (रद्द.)
कार्यभार देणार: कु. हर्षा हरिदास. सही ×
कार्यभार घेणार: सौ. संघप्रिया नागसेन. सही (केली आहे)
समक्ष: हरिदास, वनपाल (सेवानिवृत्त)
टीप: देणार यांनी सही करून एक प्रत परत पाठवावी.


२० नोव्हेंबर, गुरुवार

संघप्रिया,
जयभीम.

काल अकराला फोन वाजला. पडद्यावर ‘बाबा’ होतं. मी उचलून सवयीनं सुरू केलं, "हं बाबा, लिहा, टी टेंभुर्णीचा," आणि तिकडून तू म्हणालीस, "ताई, ओटीपी आला असेल बघा."

नाही आला. तू तीनदा पाठवलास, तीनदा नाही आला. हा भामरागडचा टॉवर आहे, चंद्रपूरचा नाही.

कागद मिळाला. हसले नाही. मीही सरकारी शाळेत अधीक्षिका आहे, मुलींच्या सतरंज्यांपासून तव्यापर्यंत सगळ्याचा चार्ज घेतला आहे. चार्ज देणाऱ्याला आधी बदलीचा आदेश येतो. मला आदेश कधी आला? थेट फुली मारून सहीची जागा दाखवली. आणि तू तर सही करून मोकळी झालीस.

तुझ्या बोटाबद्दल. बाबांच्या नावानं कॉम्प्युटर आणि आत तुझं बोट, हे मला पटलेलं नाही. यंत्राला माणूस कळत नाही, त्याला ते बाबांचंच बोट वाटतं. उद्या तू काही लिहिलंस तर जगाला ते हरिदास वनपालांचं वाटेल. कुचल्याचं लिहिणाराही बाबांच्याच नावानं आत गेला होता. मी सुरक्षेचं बोलते आहे, दुसरं काही मनात नाही. हातोड्याचं उदाहरण बाबांना शोभतं. पण गार्ड वनपालासमोर हातोडा मारायचा, वनपाल दुपारचा झोपला असताना नाही.

शिवाय त्या राजदीपला विचार, पासकी केली म्हणून जुना पासवर्ड मरतो का. नाही मरत. तो चालूच राहतो, आणि तो माझ्या वहीत आहे. तेव्हा ‘रद्द’ हा शब्द चुकीचा आहे. चुकीच्या कागदावर मी सही करत नसते.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या का? बुधवारी विचारणार होते. फोन त्यांच्याकडे गेलाच नाही.

हर्षा


२५ नोव्हेंबर

हर्षाताईंस,
सप्रेम जयभीम.

गोळी तीच आहे, मात्र अर्धी केली. डॉक्टर म्हणाले, बीपी चांगला आहे.

फोन मी लावला, कारण ओटीपी थोड्या मिनिटांत मरतो. बाबांना सहा आकडे ऐकू जाईपर्यंत, ते टाकेपर्यंत तो गेला असता. ते शेजारीच बसले होते. फोन त्यांच्याकडे देणारच होते, तोवर तुम्ही ठेवला. आमच्या पडद्यावर तिन्ही वेळा ‘पाठवला’ असं आलं. मधेच कुठंतरी अडकला असेल.

पासवर्डचं तुम्ही म्हणता ते खरं निघालं. राजदीपही म्हणाला, पासकी केली तरी जुनं दार उघडंच राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं. झाडांच्या साइटवर तशी सोय होती. रविवारी बाबांनी पिन टाकला आणि ‘पासवर्ड काढा’ वर स्वतः दाबलं. आता तिथला पासवर्ड वहीत असला तरी चालणार नाही. बरं झालं तुम्ही लक्षात आणून दिलं.

बोटाचं मनावर घेऊ नका. एका नावावर दहा बोटं बसतात म्हणे. तुम्ही याल तेव्हा तुमचंही एक ठेवू. सोळा ऑक्टोबरला इथल्या दीक्षाभूमीवर आला होतात तेव्हाच यंत्र असतं तर तेव्हाच झालं असतं.

त्या कागदाचं बाबा रोज विचारतात. डाक आली का, प्रत आली का. नोकरीत कोणाचा चार्ज अर्धा राहिला की त्यांना झोप नसे म्हणतात. सही करून टाका ना.

संघप्रिया


४ डिसेंबर

संघप्रिया,

दहा बोटांतलं एक मला देतेस, मोठं मन तुझं. माझ्या बापाच्या नावावर माझं बोट ठेवायला जागा किती शिल्लक आहे ते आता मी तुला विचारायचं.

२६ तारखेला अकरा ते एक मी टॉवरखाली उभी होते. काल पुन्हा. फोन नाही. मी केला तर लागला नाही, एकदा लागला तर कोणी उचलला नाही. आमचा जीपवाला देवाजी भाजीची पोती टाकून येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, टॉवरले पानी घालून राह्यल्या का? वाढनार नाई तो." मी म्हटलं, वांगी मोजून घे. त्यानं मोजली आणि पुन्हा आला.

तुला हे कळणार नाही, तरी लिहिते. आपल्या घरात कोणी उगीच फोन करत नाही. बाबांना ‘कशी आहेस’ विचारता येत नाही, मलाही येत नाही. आई होती तेव्हा ती दोघांचं एकमेकांना सांगायची. ती गेल्यावर पासवर्ड होता. मी एकेक अक्षर झाडाच्या नावानं सांगायची. टी टेंभुर्णीचा, बी बिब्याचा, एम मोहाचा. मग ते म्हणायचे, मोहावरून आठवलं, यंदा तुमच्याकडे मोह कसा आहे? मग मी सांगायची. मग मुलींचं निघायचं, मग गुडघ्याचं निघायचं. पंचेचाळीस मिनिटं जायची. पासवर्डाची त्यातली दोनच.

तू त्या घरात सहा वर्षं आहेस. त्यांचा चहा तुझ्या हातचा, गोळी तुझ्या हातची. दुखलं-खुपलं तर हाक तुला. भाजी कडू लागली तरी तोंड तुझ्यासमोर वाकडं होतं. सगळं तुझ्याकडे आहे. माझ्याकडे आठवड्याचा एक तास होता. तोही तुझ्या एका बोटानं गेला.

म्हणून सरळ विचारते. हे तू मुद्दाम केलंस का?

हर्षा


९ डिसेंबर

ताई,

हो, मुद्दाम केलं. आता सगळं ऐका. मी हे लिहिणार नव्हते.

पासवर्ड कुठून फुटला ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन स्पीकरवर टाकून ओसरीवर बसत. तुम्ही एक अक्षर सांगायचं, ते ओरडून परत म्हणायचे. "टी टेंभुर्नीचा? हो. पुढं?" समोर मुखरू टेलरचं दुकान. तिथं चार रिकामे लोक कायम बसलेले. बाबा साइटवरचं आपलं नाव तर सगळ्यांना दाखवून आलेले, अभिमानानं. उरलेलं तुम्ही दोघं दर बुधवारी मोठ्यानं सांगत होतात. त्यातल्या कोणी केलं ते आम्ही शोधलं नाही. शोधून काय करणार होतो?

मुखरू रोज विचारायचा, "काऊन भाऊ, आज टेंभुर्नी का मोह?" आणि दुकान हसायचं. बाबाही हसल्यासारखं करायचे आणि आत येऊन पाणी प्यायचे. ज्या माणसाच्या शिक्क्याशिवाय डेपोतून लाकूड हलत नसे, त्याला आपल्याच कॉम्प्युटरचं दार उघडायला पोरीला विचारावं लागतं आणि ते गल्ली ऐकते. तुम्हाला इकडचा आवाज तेवढा जायचा, चेहरा जात नव्हता.

कुचल्याचं झाल्यावर ते मला म्हणाले, "संघप्रिया, असं काही कर का मले हर्षाले विचारा लागनार नाई." शब्द त्यांचे आहेत. मी फक्त केलं. पासवर्ड तुमच्या सांगण्यातून फुटला हे तुम्हाला कळू नये म्हणून ‘कळलं नाही’ असं लिहिलं. ते खोटं होतं.

आता तुम्ही मुद्दाम का म्हणून विचारलंच आहे, तर माझंही ऐका. बुधवारी बाबा नऊला दाढी करत. इस्त्रीचा शर्ट घालत. विचारायची लाज होती, तरी दाढी करत. मी सहा वर्षं त्यांना विचारते, भाजी कशी झाली? "ठीक." झोप लागली? "लागली." आणि बुधवारी पाऊण तास तो माणूस कोणत्या नाल्यावर अर्जुन आहे, कोणत्या सालात मधमाश्या चावल्या, सगळं बोलायचा. मी भाकरी थापायची थांबायची, कारण थापायच्या आवाजात ऐकू येत नसे. एकदा मी त्यांना विचारलं, बाबा, मोह म्हणजे नक्की कसा असतो हो, पान कसं? म्हणाले, "हर्षाले माहीत आहे सगळं."

मले राग नाई येत का? मले नाई वाटत का, आपल्याले कोनी काही विचारावं? यंत्रानं माझं बोट घेतलं तेव्हा मी खूश झाली. बाबा राहू दे म्हनले तेव्हा आनखी झाली. घरात सहा वर्षांनी माझी एक गोष्ट त्याहिले लागत होती. कागदावर सही मी काऊन लगेच केली, ते आता समजलं तुम्हाले. तुम्ही म्हनता सगळं माह्याकडे आहे. चहा आहे ताई. चहा देनाऱ्याकडं कोनी पाहत नाई.

बुधवारी अकराला बाबा आता कॉम्प्युटरपुढं बसलेले असतात. फोन बाजूला असतो. तुमचा फोन आला त्या दिवशी त्यांच्या कानात तेल घातलं होतं आणि मी नळावर होते. एवढंच झालं. मी लपवला नाही.

ओटीपीशिवाय ई-मेलचं अजून अडून आहे. तिथं बाबा रोज तुमचा जुना पासवर्ड टाकतात, आणि तो आठवला नाही की नागसेनला म्हणतात, राहू दे, उद्या पाहू.

संघप्रिया


१४ डिसेंबर, रविवार

संघप्रिया,
जयभीम.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आज तिसऱ्यांदा वाचून लिहिते आहे.

ओटीपी आले होते. तिन्ही आले. पहिला तू ‘बघा’ म्हणेपर्यंतच आला होता. अजून फोनात आहेत, सहा सहा आकडे. पडद्यावर बाबांचं नाव आणि कानात तुझा आवाज, मी म्हटलं, नाही आला. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. दोष टॉवरला दिला.

तू एक लपवलंस, माझी दोन आहेत. दुसरं असं. बाबा म्हातारे झाले म्हणून पासवर्ड विसरत नव्हते. दोन महिन्यांत तो त्यांना पाठ व्हायचा. मला ते कळायचं, कारण मी टेंभुर्णी म्हणायच्या आत ते बिबा म्हणायचे. मग तिसऱ्या महिन्यात मी तो बदलायची. सुरक्षेसाठी बदलावा लागतो असं त्यांना सांगायची. कॉम्प्युटरला लक्षात ठेवू देऊ नका, कागदावर लिहू नका, हेही मीच सांगितलेलं. चार वर्षांत चौदा वेळा बदलला. माझ्या वहीत चौदाही आहेत. मला वाटायचं त्यात त्यांना मजा येते. ओसरीवर स्पीकर असतो आणि समोर दुकान हसतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबले असते का? असं वाटतं. खात्रीनं लिहीत नाही.

तुझा हेवा वाटला नाही असंही लिहीत नाही. अजून वाटतो. तू त्यांना आत जाऊन पाणी पिताना पाहिलंस, मी नाही पाहिलं. पण तू भाकरी थांबवून ऐकत होतीस हे वाचल्यावर त्यातला थोडा कमी झाला, की उलट वाढला, ते नीट कळत नाही.

मोहाचं पान तळहाताएवढं असतं आणि फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतं. देठ तोडला की दुधासारखा चीक निघतो. कोवळी पालवी तांबडी. हे तू मला विचारलं नव्हतंस, तरी.

कागद सही करून सोबत पाठवते. खाली शेरा लिहिला आहे, त्याशिवाय सही करवेना.

बुधवारी १७ ला बरोबर अकराला ओटीपी पाठवा. फोन कोणीही करा. सांगीन.

हर्षा

(परत आलेल्या कागदावर, सहीखाली)
शेरा: साहित्य चालू स्थितीत दिले. देण्याची इच्छा नव्हती.


बाबूपेठ, चंद्रपूर
दिनांक १८/१२/२०२५

चि. हर्षा हिस,
जयभीम.

तुझा दि. १४ चा कागद पोचला. फाइलला लावला. शेऱ्याबाबत कळवण्यात येते की चार्ज अहवालात इच्छेचा रकाना नसतो. तरी नोंद घेतली आहे.

काल दि. १७ रोजी अकरा वाजून चार मिनिटांनी तू दिलेला ओटीपी पहिल्याच वेळी लागला. भामरागडचा टॉवर सुधारलेला दिसतो. ई-मेलची पासकी झाली. तुझा नंबर तिथून काढून माझा टाकला आहे, म्हणजे तुला ओटीपीचा त्रास होणार नाही.

बोटाचे कामही उरकले. उजव्या हाताची करंगळी यंत्राने स्वीकारली. हातोडा धरताना करंगळीवर जोर नसतो, त्यामुळे तिची झीज झाली नाही. हे आधी ध्यानात यायला हवे होते. संघप्रियाचे बोट त्याच दिवशी काढले, एका नावावर एकच माणूस असावा. रात्री वरणात मीठ जास्त होते. दुसरी पासकी माझ्या मोबाइलात करून ठेवली आहे, कॉम्प्युटर बिघडल्यास अडणार नाही. आता कोणावर कामाचा भार राहिलेला नाही.

चार वर्षे दर बुधवारी तू मुलींची भाजी सोडून टॉवरखाली उभी राहिलीस. देवाजीलाही थांबावे लागत असेल. मला हे कळत होते, परंतु इलाज नव्हता. यापुढे तुला ही तसदी देणार नाही. शाळेचे काम सांभाळ.

बीपी ठीक आहे.

तुझा बाप,
हरिदास


२२ डिसेंबर, सोमवार

संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

बाबांचं पत्र शनिवारी आलं. तुला दाखवून पोस्टात टाकलं असेल असं वाटत नाही, म्हणून सांगते. लिहितात, यापुढे तुला तसदी देणार नाही. चार वर्षं मी समजत होते की त्यांना बोलायला आवडतं, आणि ते समजत होते की मी भाजी सोडून उन्हात उभी राहते. दोघंही बरोबर होतो, तरी असं झालं.

तुझं बोट काढल्याचंही लिहिलं आहे, आणि वरणाचंही. वाचून हसू आलं. मग माझा नंबर काढल्याचं वाचलं आणि थांबलं. करंगळीनं आपल्या दोघींनाही एकाच दिवशी रिटायर केलं. तुझा चार्ज अहवाल अजून निघाला नसेल तर निघेल. सही करण्याआधी शेऱ्याला जागा आहे का ते बघून घे.

एक सुचवते, ऐकायचं तर ऐक. ते फोटो ओळखत बसतात तेव्हा चहा ठेवून लगेच जाऊ नको. पडद्यावरच्या झाडाचं नाव चुकीचं सांग. साजाला ऐन म्हटलं तर चालणार नाही, ते एकच झाड आहे, त्यात फसशील. धावड्याला अर्जुन म्हण. बघ मग, ‘ठीक’ म्हणून सोडतात का. हे मी चौदा पासवर्डांच्या अनुभवावरून सांगते आहे. तुला हे सांगणं मला सोपं गेलेलं नाही, तेवढं लक्षात असू दे.

या बुधवारी शाळेत तपासणी आहे, त्यामुळे बाजारात देवाजी एकटा जाईल. हे पाकीट तोच टाकेल. आत बाबांना वेगळी चिठ्ठी आहे. उघडून वाचलीस तरी चालेल, एवढंच लिहिलं आहे: "बाबा, बुधवारी अकरा वाजता मी बाजारात असतेच. काही विचारायचं नसलं तरी मला तसदी होत नाही." हे लिहायला मला दोन दिवस लागले.

चिठ्ठी दे आणि गप्प राहा. "ताईला फोन करा ना" असं म्हणू नको, फोन लावून हातात देऊ नको, बुधवारी दाढीचं सामान काढून ठेवू नको. नागसेनलाही सांग. तुमच्या सांगण्यावरून आलेला फोन मला लगेच कळेल आणि मग मी पुन्हा काहीतरी वाकडं लिहीन.

३१ तारखेला बुधवार आहे. हे पाकीट २७-२८ पर्यंत तुम्हाला मिळेल, म्हणजे त्यांना विचार करायला तीन दिवस आहेत. मी अकराला टॉवरखाली असेन, एकपर्यंत थांबेन. देवाजीला जे म्हणायचं ते म्हणू दे. आला तर आला. पुढच्या बुधवारीही बाजार आहेच.

तुलाही काही बोलायचं असलं तर कर, तुझा फोन उचलीन. पण अकरा ते बारा लाइन मोकळी ठेव. बारानंतर कर.

हर्षा